चोराच्या हाती जामदारखान्याच्या किल्ल्या

मार्च महिना संपत आलेला असतो. संस्थेच्या कार्यालयात वार्षिक हिशेब अंतिम टप्प्यावर आलेले असतात, आणि नेमका त्याच संध्याकाळी संगणक ‘डिस्क फॉरमॅट करायची आहे काय?’ असा प्रश्न विचारतो. घाईत कुणाचे तरी बोट ‘होय’वर पडते. देणगीदारांची सूची, पावत्यांच्या नोंदी, वसतिगृहातील विद्यार्थ्यांची माहिती, स्मरणिकेसाठी गावोगाव हिंडून जमविलेली जुन्या कार्यकर्त्यांची छायाचित्रे, सारे क्षणार्धात दिसेनासे होते. गेलेली माहिती परत मिळवून देणारी सॉफ्टवेअर असतात, हे कुणाला तरी ठाऊक असते. तसे एक उतरवून घेतले जाते. ते हरवलेल्या फायलींची यादी इमानाने दाखवते. मात्र त्या हाती देण्यापूर्वी काही हजार रुपयांचा परवाना मागते. अशा वेळी कार्यालयातील एखादा उत्साही तरुण पुढे सरसावतो. ‘एवढ्यासाठी पैसे कशाला घालवायचे? याचा क्रॅक मिळतो.’ भोवती जमलेल्या ज्येष्ठांच्या चेहऱ्यावर समाधान पसरते. पोरगा हुशार आहे!

तपशील बदलतो, नाटक तेच राहते. कुठे मुलीच्या लग्नाची छायाचित्रे असतात, कुठे पाच वर्षे खपून लिहिलेला प्रबंध, कुठे पतसंस्थेच्या कर्जखात्यांचे उतारे. कुणी एरवी काडीचीही लबाडी न करणारा निवृत्त शिक्षक असतो, कुणी सनदी लेखापाल असतो. शेजाऱ्याच्या अंगणातील फूल न विचारता तोडू नये, असे नातवंडांना शिकविणारी ही माणसे संगणकापुढे बसली की चोरीच्या मालाला ‘क्रॅक व्हर्जन’ असे सोज्वळ नाव देतात आणि निर्धास्त होतात. हा निर्धास्तपणा किती महागात पडतो, हे आता लपून राहिलेले नाही. तरीही तो सुटत नाही, म्हणून त्याचा पंचनामा करणे भाग आहे.

सर्वच चोरीची सॉफ्टवेअर वाईट, हे खरे. पण माहिती पुनःप्राप्तीचे चोरलेले सॉफ्टवेअर ही त्यांतली सर्वांत घातक जात आहे. याचे कारण त्या सॉफ्टवेअरच्या कामातच दडलेले आहे. फाइल पुसली की तिच्यातील मजकूर तत्काळ नष्ट होत नाही. डिस्कवर फायलींची एक अनुक्रमणिका असते. तिच्यातील त्या फायलीची नोंद ‘रिकामी’ म्हणून मांडली जाते आणि मजकुराने व्यापलेली जागा नव्या लेखनासाठी मोकळी समजली जाते. घाईघाईने केलेल्या फॉरमॅटमध्येही बहुधा अनुक्रमणिकाच नवी होते. ग्रंथालयातील सूचिपत्र फाडले गेले, पण पुस्तके फडताळातच राहिली, असा हा प्रकार. ती पुस्तके शोधायची, तर प्रत्येक फडताळ हाताने चाचपावे लागते. म्हणजेच या सॉफ्टवेअरला संगणकाच्या नेहमीच्या व्यवस्थेला बाजूला सारून डिस्कचा कण न् कण थेट वाचण्याचा अधिकार लागतो. तो अधिकार प्रशासकाचा, घरमालकाचा असतो. पत्रलेखनाच्या किंवा चित्रे रंगविण्याच्या सॉफ्टवेअरला जो दिवाणखाना पुरतो, तो याला पुरत नाही. याला जामदारखान्यात प्रवेश हवा असतो. आणि तो प्रवेश कुणाला दिला जातो? ज्याचे नाव, गाव, हेतू यांपैकी काहीही ठाऊक नाही अशा, कुलूप फोडण्याचा धंदा करणाऱ्या माणसाला!

क्रॅकसोबत येणाऱ्या सूचना एकदा शांतपणे वाचाव्यात. अँटिव्हायरस बंद करा. संकेतशब्द घालून बंद केलेली संचिका उघडा. ‘प्रशासक म्हणून चालवा’ हा पर्याय निवडा. संचिकेला संकेतशब्द घातलेला असतो, तो वाटेवरच्या कोणत्याही पहारेकऱ्याला आतला माल दिसू नये म्हणून. घरात शिरण्यापूर्वी राखणीचे कुत्रे बांधून ठेवा, दिवे मालवा आणि तिजोरीची खोली उघडी ठेवा, असे पाहुणा दारातूनच सांगू लागला, तर कोणता गृहस्थ त्याला आत घेईल? संगणकापुढे मात्र शिकलेली माणसे या तिन्ही आज्ञा मुकाट्याने पाळतात. कारण ती घायकुतीला आलेली असतात. ज्याचे सर्वस्व नुकतेच गेले आहे असे गिऱ्हाईक भामट्यांना नेहमीच प्रिय असते.

याहून भयंकर गोष्ट पुढे आहे. परत मिळालेल्या फायली साठविण्यासाठी माणूस त्याच वेळी दुसरी डिस्क संगणकाला जोडतो. पुष्कळदा तीच त्याची जुनी, जपून ठेवलेली प्रत असते. म्हणजे जखमी डिस्क, सुस्थितीतील प्रत आणि घुसखोर ही तिन्ही एकाच वेळी एकाच यंत्रात! चोराला मुहूर्त शोधावाच लागत नाही.

‘स्टॉप’चा धडा

हे सारे कल्पनेतील भय नव्हे. २०१८ च्या सुमारास ‘स्टॉप’ किंवा ‘डीजेव्हीयू’ या नावाने ओळखले जाऊ लागलेले खंडणीखोर सॉफ्टवेअर, ज्याला रॅन्समवेअर म्हणतात, ते मुख्यतः क्रॅक आणि परवाना-क्रमांक बनवून देणाऱ्या चोरट्या साधनांच्या पोटातूनच जगभर पसरले. त्याने मोठ्या बँकांच्या तटबंद्या फोडल्या नाहीत. त्याचे भक्ष्य होते घरचा संगणक, विद्यार्थ्याचा लॅपटॉप, छोटे दुकान. शिरकाव झाल्यावर ते पडद्यावर विंडोज अद्ययावत होत असल्याची खोटी चौकट दाखवी. मालक चहा घेत वाट पाहत बसे आणि आत त्याच्या एकेका फायलीला कुलूप लागत जाई. काम उरकल्यावर इंग्रजीतील एक चिठ्ठी उरे : ९८० डॉलर द्या, ७२ तासांत संपर्क साधलात, तर ४९० डॉलर. दरोड्यातही सवलतीचा हंगाम! सुरक्षेची माहिती देणाऱ्या संकेतस्थळांकडे जाण्याची वाटही ते संगणकातच बुजवून टाकी, आणि अनेकदा जाता जाता संकेतशब्द चोरणारा आणखी एक साथीदार मागे ठेवून जाई.

यातील एक तपशील मुद्दाम ध्यानात ठेवण्यासारखा आहे. हे सॉफ्टवेअर कुलूप घालण्यापूर्वी संगणक कोणत्या देशात आहे ते पाहते. रशिया, बेलारूस, कझाकस्तान अशा काही देशांचा तो निघाला, तर त्याला हात न लावता ते निघून जाते. दरोडेखोर स्वतःच्या आळीत दरोडा घालत नाही, हा जुना नियम तिथेही पाळला जातो. ज्यांना अभय दिले त्या देशांच्या यादीत हिंदुस्थान नाही. ‘क्रॅक बनविणारे म्हणजे गरिबांसाठी श्रीमंत कंपन्यांना लुटणारे उमाजी नाईक’ अशी एक भाबडी समजूत आपल्याकडील तरुणांत आढळते. उमाजी रयतेच्या झोपडीला आग लावत नव्हता, एवढे तरी त्यांनी आठवावे.

न्यूझीलंडच्या ‘एमसिसॉफ्ट’ या कंपनीने मायकेल गिलेस्पी या संशोधकाच्या साहाय्याने ऑक्टोबर २०१९ मध्ये या कुलपावर विनामूल्य उतारा काढला. त्या वेळी ज्ञात असलेल्या १६० प्रकारांपैकी १४८ प्रकारांवर तो चालत होता आणि नोंद झालेल्या बळींची संख्या सुमारे १ लाख १६ हजार होती. मात्र ऑगस्ट २०१९ नंतर चोरट्यांनी कुलपाची रीत बदलली. तेव्हापासून प्रत्येक संगणकासाठी वेगळी किल्ली वापरली गेली असेल, तर ती चोरट्याजवळच राहते. ज्यांच्या फायलींना अशी किल्ली लागली त्यांच्या हाती काही उरलेले नाही. आणि मग आगीतून फुफाट्यात जावे तसे झाले. जून २०२० मध्ये ‘स्टॉप’वरचा उतारा म्हणून एक साधन फिरू लागले, प्रत्यक्षात ते ‘झोरॅब’ नावाचे दुसरे खंडणीखोर सॉफ्टवेअर होते. आधीच कुलूपबंद झालेल्या फायलींवर त्याने दुसरे कुलूप चढविले. फुकटचा उपाय शोधत निघालेला माणूस फुकटच्याच उपायाने दुसऱ्यांदा बुडाला.

ज्याच्या फायली वाचल्या तो सुटला, असेही मानण्याचे कारण नाही. खंडणीखोर निदान चिठ्ठी ठेवतो. माहितीचोर तेवढेही सौजन्य दाखवीत नाही. २०२० पासून पसरलेले ‘रेडलाइन’ हे असेच एक सॉफ्टवेअर. ब्राउझरमध्ये साठविलेले संकेतशब्द, कार्डांचे तपशील आणि ज्यांच्या बळावर संकेतस्थळे आपल्या ग्राहकाला ओळखतात त्या कुकी, हे सारे उचलून ते मूकपणे निघून जाते. चोरलेली कुकी हाती असली, की अनेक ठिकाणी संकेतशब्दच काय, मोबाइलवर येणारा सांकेतिक क्रमांकही विचारला जात नाही. ऑक्टोबर २०२४ मध्ये नेदरलँड्सच्या पोलिसांनी अमेरिकेसह अन्य देशांच्या यंत्रणांच्या साहाय्याने ‘रेडलाइन’ आणि त्याचे भावंड ‘मेटा’ यांच्या यंत्रजालावर घाला घातला. पण चोरीला गेलेल्या किल्ल्या त्यामुळे परत येत नाहीत, आणि या धंद्यात एक दुकान बंद पडले की दुसरे उघडते.

परदेशी कापड आणि चोरलेले कापड

इतके ऐकल्यावरही एक युक्तिवाद हमखास पुढे येतो, आणि खेदाची गोष्ट अशी की तो पुष्कळदा स्वदेशीचे नाव घेऊनच येतो. या बहुराष्ट्रीय कंपन्या हिंदुस्थानला लुटतात. त्यांना चार पैशांनी बुडविले, तर बिघडले कुठे? यात अर्धे सत्य आहे. डॉलरमध्ये ठरविलेल्या किमती रुपयात कमावणाऱ्या कुटुंबावर लादल्या जातात आणि एकदाच विकत घेण्याची वस्तू वर्षावर्षाच्या भाड्याने दिली जाते. हा जुलूम आहे, यात शंका नाही. पण जुलमाला उत्तर म्हणून स्वदेशीच्या पूर्वसूरींनी काय केले होते? १९०५ च्या ऑक्टोबरात पुण्यात विदेशी कापडाची होळी पेटली. होळी करणाऱ्या तरुणांनी ते कापड मँचेस्टरच्या वखारीतून रात्री चोरून आणून अंगावर मिरविले नव्हते. ते त्यांनी अंगावरून उतरविले होते. अंताजी दामोदर काळे यांच्या पैसा फंडातून १९०८ साली तळेगावात काचेचा कारखाना उभा राहिला, तो सामान्य माणसाने एकेक पैसा दिला म्हणून. परक्याची वस्तू नाकारायची आणि आपली वस्तू पदरमोड करून उभी करायची, ही स्वदेशीची दोन पावले. क्रॅक वापरणारा यांपैकी एकही टाकत नाही. तो परक्याच्या वस्तूवाचून राहू शकत नाही आणि आपल्या वस्तूसाठी खिशात हातही घालीत नाही.

किंबहुना तो परक्याचाच फायदा करून देतो. १९९८ मध्ये बिल गेट्स यांनी अमेरिकेतील एका विद्यापीठात चीनविषयी बोलताना मोकळेपणाने सांगून टाकले होते, की लोक चोरणारच असतील, तर त्यांनी आमचेच चोरावे. त्यांना सवय लागेल आणि वसुली कशी करायची ते आम्ही पुढे पाहू. व्यापाऱ्याची दूरदृष्टी ती हीच. लॅमिंग्टन रोडच्या पदपथावर ज्या काळी विदेशी सॉफ्टवेअरच्या तबकड्या वडापावच्या भावात मिळत, त्या काळात त्याच कामाचे देशी सॉफ्टवेअर लिहिणाऱ्या अभियंत्याने स्पर्धा करायची कुणाशी? विदेशी मालकाला अमेरिकेत आणि युरोपात गिऱ्हाईक होते. देशी लेखकाला इथलेच होते, आणि ते पदपथावर उभे होते. सॉफ्टवेअर कंपन्यांच्या ‘बीएसए’ या संघटनेच्या पाहणीनुसार २०१७ मध्ये हिंदुस्थानातील संगणकांवर चढविलेल्या सॉफ्टवेअरपैकी ५६ टक्के विनापरवाना होते. ही संघटना विक्रेत्यांची आहे, तेव्हा आकडा थोडा झटकून घ्यावा. तरीही जे उरते ते अभिमानाने सांगण्यासारखे नाही.

आणि या विशिष्ट क्षेत्रात तर ‘विदेशी कंपनी’ हा बहाणाही लंगडा आहे. माहिती पुनःप्राप्तीच्या व्यवसायात ‘स्टेलर’ ही १९९३ पासूनची भारतीय कंपनी जगाच्या बाजारात उभी आहे. पुण्यात कॅल्क्युलेटर दुरुस्तीच्या छोट्या दुकानापासून सुरुवात करणारे कैलास काटकर आणि त्यांचे बंधू संजय यांनी ‘क्विक हील’ उभी केली. १९८८ मध्ये पुण्यातच सी-डॅकची स्थापना झाली, आणि अमेरिकेने महासंगणक नाकारल्यानंतर डॉ. विजय भटकर यांच्या नेतृत्वाखाली १९९१ मध्ये ‘परम ८०००’ साकारला. नकाराला दिलेले ते उत्तर होते. त्याच पुण्यात, त्याच महाराष्ट्रात देशी अँटिव्हायरसचा क्रॅक शोधणारा राष्ट्रभक्त भेटावा, याला काय म्हणावे? चोरांपासून रक्षण करणारा पहारेकरीच चोरून आणायचा!

कायद्याची बाजू थोडक्यात सांगता येते. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात संगणकीय आज्ञावलीची गणना साहित्यकृतींत होते. कथा-कादंबऱ्यांच्या पंक्तीला ती बसलेली पाहून साहित्यिकांनी रागावू नये. १९९४ च्या दुरुस्तीने आलेल्या ६३-ब या कलमानुसार चोरीची प्रत जाणूनबुजून वापरणे हाच गुन्हा आहे : किमान सात दिवसांपासून तीन वर्षांपर्यंत कारावास आणि ५० हजार ते २ लाख रुपये दंड. वापर नफ्यासाठी वा व्यवसायासाठी नसेल, तर न्यायालय कारावास माफ करून ५० हजारांपर्यंतच्या दंडावर भागवू शकते. परंतु संस्थांनी याहून वेगळ्या गोष्टीची धास्ती बाळगावी. देणगीदाराने आपला पत्ता, पॅन क्रमांक, भ्रमणध्वनी क्रमांक दिला तो विश्वासाने. २०२३ मध्ये संसदेने संमत केलेल्या डिजिटल व्यक्तिगत माहितीविषयक कायद्याने अशा माहितीच्या रक्षणाचा भार ती बाळगणाऱ्यावर टाकला आहे. कायदा नसता तरी वसतिगृहातील वनवासी मुलीच्या आधारपत्राची प्रत कुणा अज्ञात देशातील भामट्याच्या हाती जाणे, ही त्या संस्थेची नामुष्कीच ठरली असती. ज्यांच्या नित्य पठणात यमनियमांतील अस्तेय येते त्यांना हे वेगळे सांगावे लागू नये, पण लागते.

मग करायचे काय? पहिली गोष्ट म्हणजे काहीही करायचे नाही. माहिती गेली हे कळताच ती डिस्क वापरणे थांबवायचे. पुसलेल्या फायलींची जागा ‘मोकळी’ मानली जात असल्याने नवे लिहिलेले प्रत्येक अक्षर जुन्यावर बसू शकते. त्यामुळे पुनःप्राप्तीचे सॉफ्टवेअर, मग ते सचोटीचे का असेना, त्याच डिस्कवर चढविणे म्हणजे बुडालेल्याच्या डोक्यावर पाय देऊन विहिरीत उतरणे. ते दुसऱ्या संगणकावर चढवावे आणि जखमी डिस्क त्याला जोडावी. डिस्कमधून टकटक असा आवाज येत असेल, तर कोणतेच सॉफ्टवेअर चालवू नये. तो यांत्रिक बिघाड आहे आणि प्रत्येक फेरीगणिक आतील पृष्ठभागावर ओरखडे वाढतात. तिथे धूळविरहित खोलीत काम करणारा जाणकारच हवा. नव्या एसएसडी डिस्कमध्ये तर ‘ट्रिम’ नावाच्या व्यवस्थेमुळे पुसलेल्या फायलींची जागा थोड्याच वेळात आतून साफ केली जाते. त्यामुळे ‘शंभर टक्के परत मिळवून देतो’ असे छातीठोकपणे सांगणारा बहुधा खोटेच बोलत असतो.

ज्यांना पैसे खर्चायचेच नाहीत त्यांच्यासाठीही प्रामाणिक वाटा मोकळ्या आहेत, आणि चोरीचे समर्थन इथे सर्वस्वी कोसळते. फ्रान्सच्या ख्रिस्तोफ ग्रेनिए यांनी ‘टेस्टडिस्क’ आणि ‘फोटोरेक’ ही दोन साधने लिहून जगाला मोकळ्या हाताने देऊन टाकली आहेत. त्यांचा मूळ लेखही कुणाला वाचता येतो. ‘फोटोरेक’ अनुक्रमणिकेकडे पाहतच नाही. प्रत्येक प्रकारच्या फायलीच्या आरंभी असलेल्या खुणेवरून ते ती ओळखते. त्यामुळे फायलींची मूळ नावे जातात, पण छायाचित्र मिळते. आणि नाव गेले म्हणून लग्नातील आजीचा चेहरा ओळखू येत नाही, असे होत नाही. खराब होत चाललेल्या डिस्कची आधी जशीच्या तशी प्रत काढणारे ‘डीडीरेस्क्यू’ असेच विनामूल्य आहे. मायक्रोसॉफ्टनेही २०२० मध्ये विंडोजसाठी असे एक साधन फुकट दिले. ही साधने दिसायला रुक्ष आहेत, हे खरे. काहींत रंगीत चित्रे नाहीत, काळ्या पडद्यावर आज्ञा टंकाव्या लागतात. एक रविवार खर्ची घालून ती शिकून घेतली, तर तोच ‘हुशार’ तरुण खऱ्या अर्थाने संस्थेच्या उपयोगी पडेल. सशुल्क सॉफ्टवेअरही बहुधा विकत घेण्यापूर्वीच काय सापडले ते दाखवते. जे दिसले त्याचे मोल परवान्याहून अधिक आहे की नाही, ते ठरवून मग पैसे मोजता येतात.

घुसखोर आधीच आत आला असेल, तर संगणक जाळ्यापासून तोडावा, जोडलेल्या डिस्क काढाव्यात आणि दुसऱ्या, स्वच्छ संगणकावरून बँकेचे व ईमेलचे संकेतशब्द बदलावेत. आर्थिक फसवणूक झाल्यास १९३० या क्रमांकावर तत्काळ कळवावे. केंद्र सरकारने फेब्रुवारी २०१७ मध्ये सुरू केलेल्या सायबर स्वच्छता केंद्रातर्फे संगणक साफ करणारी साधने विनामूल्य दिली जातात. कुलूपबंद फायली मात्र टाकून देऊ नयेत. ‘स्टॉप’ हे प्रत्येक फायलीचा आरंभीचा सुमारे १५० किलोबाइटचा भागच कुलूपबंद करते; त्यामुळे मोठ्या चित्रफितींचा बराचसा भाग जाणकारांना वाचविता येतो, आणि लहान फायलींची किल्लीही कधी काळी सापडू शकते.

पण ही झाली घर जळाल्यानंतरची धावपळ. ज्याच्याजवळ माहितीच्या तीन प्रती आहेत, त्यांतील एक संगणकापासून तोडलेली आणि दुसऱ्या वास्तूत ठेवलेली आहे, त्याला पुनःप्राप्तीच्या सॉफ्टवेअरची, खऱ्या वा खोट्या, पायरीच चढावी लागत नाही. एका बाह्य डिस्कला लागणारा पैसा संस्थेच्या एका कार्यक्रमाच्या मंडपखर्चाहून अधिक नसतो. एप्रिलमध्ये नव्या वर्षाचे अंदाजपत्रक कार्यकारिणीपुढे येते. त्यात सतरंज्या, ध्वनिक्षेपक, अल्पोपाहार, हारतुरे यांचे रकाने वर्षानुवर्षे छापलेले असतात. दोन बाह्य डिस्क आणि एक परवाना यांचा रकाना बहुतेक ठिकाणी अद्याप छापलेला नाही. तो पेनाने आखून घ्यावा लागेल.